कव्हरावर कव्हर

माझ्या भाऊजींच्या घरात उघडं असं एकच आहे, त्यांचं तोंड. बाकी सगळ्याला कव्हर. टीव्हीला कव्हर, फ्रिजला कव्हर, फ्रिजच्या दांडीला वेगळं कव्हर, रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवीच्या तोंडाला रबर. सोफ्याचा खरा रंग भाऊजींना आणि दुकानदाराला माहीत असेल, आम्ही पाहुण्यांनी तो आजवर बघितलेला नाही. छत्री वापरून आले की आधी ती वाळवतात, मग तिच्या कव्हरात घालतात, आणि ते कव्हर मळू नये म्हणून वरून एक पिशवी. माणूस गरिबीतून वर आला, त्याला वस्तूंची किंमत आहे, असं माझी ताई म्हणते. गरिबीतून आम्हीही आलो. पण आमच्या घरी कव्हर घालावं असं काही नव्हतंच, त्यामुळे सवय लागली नसावी.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण आणि भाऊजी तिचा नवरा. मी सीटा शिवते. सोफे, गाड्यांच्या सीटा, दवाखान्यातली बाकं, बोटींची छतं आणि कव्हरं, जाड सुईखाली जाईल ते सगळं. बंदराच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. दारात कायम कुणाच्या तरी सोफ्याचा सांगाडा उभा असतो आणि आत चिंध्यांतून पाय उचलून चालावं लागतं. माझ्यासारखी सरळ टीप ह्या बंदरात कुणाची नाही. हे दुसऱ्या कुणी म्हणावं म्हणून वाट बघत बसायला मला वेळ नाही, म्हणून मीच सांगते.

आमचे वडील लाँच चालवायचे. ह्या काठावरची माणसं घ्यायची, बाहेरच्या दीपस्तंभाच्या खडकाला वळसा घालायचा आणि पलीकडच्या काठावर सोडायची. आई घरी शिवायची. मी आईच्या मशीनला चिकटले, ताई वडिलांच्या सुकाणूला. तिला पुढचं दिसत नसे म्हणून वडील तिला खोक्यावर उभी करायचे. सरळ पाण्यात ते स्वतः चालवायचे आणि दीपस्तंभाचा वळसा मात्र ताईच्या हाती द्यायचे. तिथं पाणी दोन बाजूंनी येतं, लाँच कलते, उतारूंच्या पोटात गोळा येतो. नेमका तोच तुकडा वडील पोरीला द्यायचे आणि स्वतः विडी पेटवायचे. उतारू बोंब मारायचे. वडील म्हणायचे, "मी चालवली तर जास्त कलते. बघायचंय का?"

अशा मुलीला पाण्याला घाबरणारा नवरा मिळाला. तेही चाललं असतं. पण घाबरणाऱ्या नवऱ्यानं बोट घेतली.

बढती मिळाल्यावर त्यांची साहेबलोकांत ऊठबस वाढली आणि त्यातल्या एकाकडे बोट होती, म्हणून ह्यांनाही हवी झाली. घेतली तेव्हाच ती जुनी होती. फायबरची, पुढे छोटी केबिन, मध्ये चालवणाऱ्याची खुर्ची, मागे आडवं बाक. नातेवाईक म्हणाले, लाँचवाल्याच्या पोरीला बोटवाला नवरा, दुधात साखर पडली. साखर कसली, झाकण पडलं. भाऊजी त्या बोटीतून दोनदा बाहेर गेले. एकदा फोटो काढायला आणि एकदा साहेबांना घेऊन, तेव्हा साहेबांच्या बुटांवर त्यांना उलटी झाली. त्यानंतर हवा कधी बरी नव्हती. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ असो, पाण्यावर साधी सुरकुती नसो, भाऊजी खिडकीतून बघणार, ओठ काढणार आणि म्हणणार, "आज हवा बरी दिसत नाही."

तर बोट धक्क्याला बांधलेली राहिली. वर्षानुवर्षं. इंजिन बंद ठेवलं तर जाम होईल असं मेकॅनिकनं बजावलं होतं, म्हणून दर आठवड्याला ताईनं जायचं, जागच्या जागी इंजिन चालू करायचं, थोडा वेळ फिरू द्यायचं आणि बंद करायचं. दोर न सोडता. मी एकदा तिला म्हटलं, "अगं, चालू इंजिन आहे, हातात स्टिअरिंग आहे, दोर सोडायला काय लागतं?"

ती म्हणाली, "त्यांची बोट आहे. नवरा धक्क्यावर उभा आणि बायको बोट घेऊन चालली, असं चारचौघांनी बघितलं तर त्यांना कसं वाटेल?"

मला कसं वाटतं हे मला कुणी विचारत नाही, नाहीतर सांगितलं असतं.

मग एका सकाळी भाऊजी ताईला घेऊन दुकानात आले. खुर्चीवर बसण्याआधी तिच्यावर रुमाल पसरला. माझ्या खुर्चीवर, जी मी स्वतः शिवली आहे.

"मेहुणीबाई," ते म्हणाले, "बोटीचं सगळं नवं करायचं. सीटा, छत, वरचं कव्हर, सगळं. पार वाट लागलीय. घरचंच काम आहे, तुम्हाला काय सांगायचं."

घरचं काम म्हणजे काय, ते धंदा करणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा.

"एवढी कशी वाट लागली, भाऊजी? बसतं कोण त्यावर?"

"वापर हो, वापर," ते म्हणाले. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

ताई माझ्या कापायच्या टेबलाला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "नवं झालं की दीपस्तंभाला वळसा घालून यायचं. मी चालवीन. हे चिमीच्या समोर कबूल करा." चिमी म्हणजे मी. एवढी घोडी झाले तरी ताईला मी चिमीच.

"अगं, जाऊ की! त्यासाठीच तर नवं करतोय. फाटक्या सीटवर माझी बायको बसलेली मला चालेल का?"

ताई एवढी खूश झाली की मला तिचाच राग आला. बोलाच्या भातावर जेवायची तिला इतक्या वर्षांची सवय, तरी प्रत्येक वेळी ताट वाढायला धावते.

दुसऱ्या दिवशी मी धक्क्यावर गेले. सर्वात वर होती निळी ताडपत्री. तिच्याखाली कॅनव्हासचं कव्हर, टाके उन्हानं खाल्लेले, कापड शाबूत आणि शिवण उकललेली. त्याखाली जुन्या चादरी. चादरींखाली प्लास्टिक, चिकटपट्ट्या लावून घट्ट बंद केलेलं. आणि त्या सगळ्याखाली सीटा. प्लास्टिक उचललं आणि जो वास आला त्यानं मी दोन पावलं मागे सरले. फोम पिळला तर पाणी निघालं. खालचं प्लायवूड बोटानं तुटत होतं. पिना गंजून त्यांची तपकिरी पूड झाली होती.

आता ऐका. सीट झिजली की आधी पुढची कड जाते, जिथं मांडी टेकते. मग बसण्याची जागा दबते, मग पाठीची वरची शिवण उसवते. मी हे रोज बघते. बोटीच्या मागच्या बाकाची कड कोरी होती. रेक्झिनवरचे दाणे अजून बोटाला लागत होते. त्यावर कुणी बसलंच नव्हतं. त्या सीटा झिजल्या नव्हत्या, कुजल्या होत्या. आतली ओल बाहेर जायला जागा नाही, बाहेरची हवा आत यायला जागा नाही. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि शेतकरी मला सांगत होता, वापर हो, वापर.

मग मी चालवणाऱ्याच्या खुर्चीकडे वळले.

ती कुजली होतीच, पण झिजलीही होती. पुढची कड गुळगुळीत, डाव्या बाजूला रेक्झिन जाऊन आतलं जाळीचं कापड दिसत होतं. बसण्याची जागा दबलेली. आठवड्यातून एकदा इंजिन चालू करून एवढी कड जात नाही. तेवढ्यात ताई डबा घेऊन आली. मी कडेवर बोट ठेवलं आणि तिच्याकडे बघितलं.

"दुपारी येते मी कधी कधी," ती म्हणाली.

"कव्हर काढून?"

"नाही. मागून दोन बटणं उघडायची, आत शिरायचं आणि खुर्चीवरचं प्लास्टिक तेवढं सारायचं. कव्हर काढलं तर त्यांना कळतं, परत बसवताना एखादी घडी चुकते." ती थोडी हसली. "आत अंधार असतो, गरम होतं. पण पाण्याचा आवाज येतो ना खालून."

माझी थोरली बहीण, जी खोक्यावर उभी राहून भरलेली लाँच वळवायची, ती दुपारी ताडपत्रीखाली सरपटत जाऊन बांधलेल्या बोटीचं स्टिअरिंग धरून बसत होती. मला रडू आलं असं सांगितलं तर लोकांना बरं वाटेल. मला रडू आलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली आणि त्या दिवशी मी उसवणं सोडून सरळ फाडायला लागले. ताईनंच माझा हात धरला.

"फाडू नको. माप जाईल."

खरं होतं ते. जुनी सीट फाडायची नसते, उसवायची असते. टाका न टाका कापायचा, तुकडे सुटे करायचे, पाठीवर खडूनं खुणा करायच्या, आणि तेच तुकडे नव्या कापडावर ठेवून कापायचं. कितीही सडलेली असली तरी नवी सीट जुनीच्याच मापानं जन्मते. म्हणून मी नाक बांधून उसवत बसले आणि ताई खुणा करत बसली.

ती रोज यायला लागली. घरचं आवरून यायची, अंधार पडेपर्यंत थांबायची. सुताराकडून नवं प्लायवूड तिनंच कापून आणलं. पाणी निथळावं म्हणून त्याला भोकं पाडायची असतात, ती तिनं पाडली. भाऊजी ती भोकं बघून म्हणाले, "ही कशाला? ह्यातून धूळ जाईल." बोटीच्या सीटला खालून धूळ! मी टाचण्या तोंडात धरून बसले होते म्हणून वाचले ते.

रंग त्यांनी निवडला. पांढरा. मी करडा दाखवला, निळा दाखवला, मातकट दाखवला, पाण्यातल्या बोटीवर पांढरं टिकत नाही म्हणून घसा कोरडा केला. "पांढरंच," ते म्हणाले, "शोभून दिसतं." मला तेव्हाच कळायला हवं होतं. पांढरं कशाला हवं असतं अशा माणसाला? झाकायला कारण मिळतं.

छताचं आणि वरच्या कव्हरचं माप बोटीवरच घ्यावं लागतं. पाइपांचा सांगाडा उभा करायचा, कापड अंगावर टाकायचं, चिमटे लावायचे, पाणी साचू नये म्हणून मधून उतार द्यायचा आणि टिचबटणांच्या जागा खडूनं मारायच्या. त्या दिवशी भाऊजी देखरेखीला बोटीत उतरले. बाजूनं एक मचवा गेला, बोट जराशी हलली, आणि त्यांनी पाइप असा धरला की बोटांची पेरं पांढरी पडली. वर तोंड चालूच होतं. "इकडून ताणा, तिकडे चुण्या पडताहेत." कपाळावर घाम. तेवढ्यापुरती मला त्यांची कीव आली. भीती वाटण्यात लाज कसली? मला पालीची वाटते. पण म्हणून मी घरातल्या सगळ्यांना भिंतीपासून लांब उभं करत नाही, आणि पाली पाळल्यात असं गावभर सांगतही नाही.

काम झालं. आता जे झालं त्याबद्दल मी खोटी लाज बाळगणार नाही, सुरेख झालं. शिवणीवरून बोट फिरवलं तर कुठं अडत नव्हतं. मागचं बाक ताठ, कोपरे गोल, छत ओढलं की टणकन आवाज द्यायचं. ताईनं स्वतःच्या खुर्चीची पाठ स्वतः शिवली. टीप थोडी वाकडी गेली, ती मी तशीच ठेवली. माझ्या दुकानातून वाकडी टीप बाहेर गेली ती तेवढी एकच.

ताई म्हणाली, "मग? कधी जायचं?"

भाऊजींनी खिडकीतून बघितलं. ओठ काढले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला परत बोलावलं. नव्या सीटा खराब होऊ नयेत म्हणून त्यांना सुती खोळी हव्या होत्या. खोळी झाल्या. मग खोळींवर पाणी उडेल म्हणून पारदर्शक प्लास्टिक. प्लास्टिक झालं. मग बोटीत कुणी उतरलंच तर बुटाची माती आत जाऊ नये म्हणून पायांना घालायच्या पिशव्या. उरलेल्या कॅनव्हासच्या.

"पायाला कव्हर?" मी विचारलं.

"दवाखान्यात असतात बघा तशी. पण आपली चांगल्या कापडाची. वर नाडी लावा, म्हणजे निसटायची नाहीत."

मी लावली नाडी. एवढी लांब लावली की घोट्याभोवती फेरे मारून मारून बांधावी लागेल. मुद्दाम? हो, मुद्दाम. पण निव्वळ छळायला म्हणून. पुढचं काही माझ्या डोक्यात नव्हतं, ते श्रेय मला नको.

भाऊजींना त्या फार आवडल्या.

ताईनं अजून दोनदा विचारलं, दोनदा हवा बरी नव्हती. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. त्याऐवजी ती दुकानात आली आणि माझ्या समोर बसून राहिली. मशीन चालू होतं म्हणून आधी मला कळलं नाही की ती बोलतेय.

"बोट चाललीय," ती म्हणाली.

"कुठं?"

"हॉटेलच्या बागेत."

मला वाटलं मशीनच्या आवाजात चुकीचं ऐकलं. मी पाय उचलला. ताईनं सगळं सांगितलं. भाऊजींच्या ओळखीचा एक हॉटेलवाला होता. त्यानं धक्क्यावरून जाताना बोट पाहिली आणि भुलला. बागेत चौथरा बांधायचा, बोट वर चढवायची, आत टेबल मांडायचं, वाढदिवसाची मंडळी त्यात बसून जेवतील. इंजिन काढून टाकणार होता, त्या जागी बर्फाची पेटी. आणि भाऊजी नुसते तयार नव्हते, त्यांना आनंदाचं भरतं आलं होतं.

"म्हणाले, पाण्यातच नसली तर खराब व्हायचा प्रश्नच मिटला. म्हणाले, तुझं नाव लावतील बोटीला, पाटी लावतील." ताईनं टेबलावरचा खडू उचलला, परत ठेवला. "तू एवढं चांगलं शिवलंस ना, म्हणून पसंत पडली त्याला."

हे शेवटचं वाक्य ती मला टोचायला बोलली नव्हती. म्हणूनच टोचलं. तिनं महिनाभर फोम कापला, भोकं पाडली, बोटं रक्ताळून टीप मारली, ती दीपस्तंभाच्या वळशासाठी. आणि त्याच कामामुळे बोट चौथऱ्यावर चढणार होती.

"भांड त्यांच्याशी!" मी ओरडले. "आयुष्यात एकदा भांड!"

"भांडून काय होणार? हवा बरी नाही म्हणतील." एवढं बोलून ती डबा घ्यायला विसरून निघून गेली.

हॉटेलवाला आला त्या सकाळी भाऊजींनी मलाही बोलावलं, कारागीर म्हणून दाखवायला. बोट पहिल्यांदाच पूर्ण उघडी होती. ताडपत्री नाही, कव्हर नाही, प्लास्टिक नाही, खोळी नाहीत. सगळं घडी करून धक्क्यावरच्या बाकाजवळ रचलेलं. पांढऱ्या सीटांवर ऊन पडलं होतं. मलाच माझं काम नवं वाटलं.

भाऊजींनी ताईला इंजिन चालू करायला सांगितलं. ज्याला इंजिन काढून टाकायचंय त्याला इंजिन चालू करून दाखवायचं! पण मिरवायचं म्हटलं की त्यांना ते दोन्ही एकत्र जमतं. ताई चपला काढून बोटीत उतरली, खुर्चीत बसली, इंजिन चालू झालं.

हॉटेलवाला गोल माणूस, चांगल्या स्वभावाचा, बुटांना पॉलिश. तो बोटीकडे निघाला तसे भाऊजी आडवे आले.

"एक मिनिट, शेठ. हे पायांना."

"हे काय?"

"कव्हर. आमच्याकडे पद्धत आहे. मीसुद्धा घालतो, बघा."

दोघं बाकावर बसले. भाऊजींनी स्वतःच्या पायांत पिशव्या चढवल्या आणि नाडीचे फेरे मारायला लागले. हॉटेलवाल्याचं पोट आड येत होतं, त्याचे हात घोट्यापर्यंत पोचेनात. तेव्हा भाऊजी त्याच्यासमोर गुडघे टेकून बसले आणि त्याचीही नाडी बांधायला लागले. एक फेरा, दुसरा फेरा, तिसरा. नाडी संपत नव्हती.

मी बोटीजवळ उभी होते. ताई खुर्चीवरून उठली, मागे गेली, मागचा दोर सोडला, नीट गुंडाळून ठेवला. परत येऊन बसली. तिनं त्या दोघांकडे बघितलं, दीपस्तंभाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"चिमे, पुढचा सोड."

आवाज रोजचाच होता, मीठ दे म्हणावं तसा. मी दोर सोडून आत टाकला. बोट धक्क्यापासून हातभर सरकली.

"येतेस?"

"माझ्या चपला बघ कशा आहेत." धक्क्यावर त्याच आठवड्यात डांबर टाकलं होतं, दोन्ही तळ काळे झाले होते.

ताईनं सीटकडे बघितलं. मग म्हणाली, "चपलांसकट ये."

मी उडी मारली आणि मागच्या बाकावर, माझ्या हातच्या पांढऱ्याशुभ्र बाकावर, अख्खा पाय पडला. चपलेचा ठसा उठला, टाचेपासून अंगठ्यापर्यंत. धंद्यात इतकी वर्षं काढली, पण सीटवर पाय देऊन एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

भाऊजींनी वर बघितलं. एका हातात हॉटेलवाल्याचा घोटा, दुसऱ्यात नाडी. आधी त्यांना समजलंच नाही. मग उठून धावले, गुळगुळीत कॅनव्हासच्या पिशव्या पायांत, धक्का ओला, चौथ्या पावलाला घसरून खाली बसले. बसल्या बसल्या ओरडले. थांब म्हणून नाही, कुठं चाललीस म्हणूनही नाही.

"अगं, निदान कव्हर तरी घाला!"

हॉटेलवाला त्यांच्यामागे एका पायात पिशवी घालून उभा राहिला. पाण्यावरून आवाज लांबपर्यंत येतो, आम्हाला सगळं ऐकू आलं.

"अरे वा," तो म्हणाला, "वहिनी चालवतात?"

चारचौघांनी बघितलं तर त्यांना कसं वाटेल, ह्या एका गोष्टीसाठी माझ्या बहिणीनं इतकी वर्षं दोर सोडला नव्हता. मग भाऊजींचा आवाज आला, ठणठणीत.

"चालवतात म्हणजे? मीच शिकवलंय!"

ताईनं मागे वळून बघितलं आणि हसायला लागली. किती हसली, डोळ्यांतून पाणी आलं तिच्या, एका हातानं स्टिअरिंग आणि एका हातानं डोळे. मीही हसले, पण माझ्या हसण्यात शिव्या होत्या. तिच्या हसण्यात नव्हत्या. ती फक्त मोकळी झाली होती. एवढंसं वजन होतं ते, आणि तिनं केवढा डोंगर समजून पेललं होतं.

मग तिनं वेग वाढवला. दीपस्तंभ जवळ आला. पाणी दोन बाजूंनी यायला लागलं. ताई खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून बसली, डावी मांडी कडेला टेकलेली. तेव्हा मला समजलं ती कड डावीकडेच का झिजली होती. तिनं स्टिअरिंग फिरवलं. बोट कलली, चांगलीच कलली, मी पाइपाला लटकले, आणि एक लाट बाजूनं येऊन आम्हा दोघींना, छताला, सगळ्या पांढऱ्या सीटांना न्हाऊ घालून गेली.

माझा हात आपोआप कव्हर ओढायला मागे गेला. कव्हर नव्हतंच. सगळी धक्क्यावर, घडी करून.

"ताई, वळली ना? चल आता मागे."

"थांब जरा. अजून एकदा."

दुसऱ्या वळशाला बोट कमी कलली. तिसऱ्याला मी पाइप सोडला आणि ओल्या बाकावर बसले. खाली प्लायवूडच्या भोकांतून पाणी निथळत होतं, आवाज येत होता. नीट पाडली होती तिनं भोकं.

"तो हॉटेलवाला," मी म्हटलं.

"त्याला मी सांगते. बागेत दुसरं काही तरी ठेव म्हणावं. ह्याला इंजिन आहे."

"आणि भाऊजी?"

"त्यांनी शिकवलंय ना मला," ती म्हणाली. "मग रोज सराव नको करायला?"

तिनं ओल्या हातानं खुर्चीची पुढची कड चाचपली. कड अजून ताठ होती, कोरी. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "चिमे, ह्या सीटा परत तुझ्याकडे येतील. पण आता झिजवून आणीन."

"आण," मी म्हटलं. "शिवून देईन."

मग आम्ही पलीकडच्या काठाकडे निघालो, कारण तिला लाँचचा जुना धक्का अजून आहे का ते बघायचं होतं.